सवतीची खुर्ची

शिंपीणबाईंना सवत होती. पासष्ट वर्षांची, पांढऱ्या दाढीची, घड्याळं दुरुस्त करणारी.

"ठेवते गं, आली माझी सवत," असं बहिणीला फोनवर सांगून त्या दार उघडायला जात. दारात घड्याळजी. रोज दुपारी चारला, मिनिटाचा फरक नाही. काखेत ग्रंथ आणि ओठांवर कालचं उरलेलं भांडण.

"वहिनी, आहे का आमचा हट्टी माणूस?"

हट्टी माणूस म्हणजे बाईंचा नवरा, पुस्तकबांधणीवाला. ज्यूंमध्ये धर्मग्रंथ जोडीनं वाचायची रीत आहे. समोरासमोर बसायचं, मोठ्यानं वाचायचं आणि ओळीओळीला हुज्जत घालायची. हे दोघे तीस वर्षं ती रीत इमानेइतबारे पाळत होते. भिंतीपलीकडे बाई शिलाईमशीन चालवत, आणि आवाज चढला की पाय थांबवून ऐकत. एरवी 'चहा' आणि 'बरं' यापलीकडे ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो माणूस तिथे टेबल बडवायचा, हसायचा, "अरे लबाडा!" म्हणून ओरडायचा. बाईंना तसं प्रेमानं कुणी लबाड म्हटलं नव्हतं.

गेले काही दिवस एकाच पानावर गाडी अडली होती. देवानं आपल्या लोकांकडून शपथ घेतली, की पवित्र भूमीवर एकजुटीनं, बळानं चढून जायचं नाही.

"स्वच्छ लिहिलंय," नवरा म्हणायचा. "तारणहार येईपर्यंत थांबायचं. झेंडा आणि फौज म्हणजे मुक्ती नव्हे. आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांचं काय?"

"ती कथा आहे, कायदा नाही!" घड्याळजी उसळायचे. "आणि त्याच पानावर जगानंही शपथ घेतली होती ना, आपल्याला फार छळणार नाही म्हणून? पाळली? माझ्या आजोबांचं घर जळलं, तेव्हा त्यांनी कुठे बसून थांबायचं होतं?"

त्या दिवशी नवऱ्याची जीभ घसरली. "तुझी मुलगी तिकडे राहायला गेली, म्हणून तुला हे सुचतंय. सोयीचा अर्थ!"

घड्याळजींनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि निघून गेले. ग्रंथ उघडा टाकू नये म्हणून नवऱ्यानं त्यावर कापड पसरलं, पण मिटला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी चारला बाईंनी दोन कप चहा केला आणि नवऱ्यासमोर जाऊन बसल्या.

"बहिणीच्या सुनेला नोकरी लागली."

"बरं."

तो दाराकडे बघत होता.

आठवडाभरानं, नवरा सकाळच्या प्रार्थनेला गेलेला असताना घड्याळजी आले. त्यांचा कोट अस्तर बदलायला बाईंकडे होता.

"झाला नाही अजून," बाई म्हणाल्या. झालेला कोट त्यांच्या पाठीमागेच टांगला होता.

घड्याळजी घुटमळले. "वहिनी, माझं नाव काढतो का हो?"

तासाभरापूर्वीच नवऱ्यानं, अगदी सहज विचारल्यासारखं, "कोट न्यायला कुणी आलं होतं का?" म्हणून विचारलं होतं. बाईंनी दातांनी दोरा तोडला.

"छे."

म्हातारा मान हलवून जिना उतरला. आता नवरा आपला, बाईंनी मनाशी म्हटलं. पण आपला झालेला नवरा दिवसेंदिवस वाळत चालला. 'बरं' सुद्धा बंद झालं.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी धाडस केलं. सवतीच्या खुर्चीत बसल्या, कापड बाजूला सारलं आणि पान मागे उलटलं. अक्षरं आईनं शिकवली होती, अर्थ भिंतीनं.

"अगं, काय करतेस?"

"तुमचं भांडण देशाचं, पण या पानांची सुरुवात नवरा-बायकोपासून आहे. नवऱ्याला त्या भूमीत जायचं असेल आणि बायकोला नसेल, तर तिनं गेलं पाहिजे. आणि बायकोला जायचं असेल, तर नवऱ्यानं. मी म्हटलं उद्या निघू, तर?"

नवरा सरळ बसला. "हल्ली ते लागू नाही. वाटेत धोका असेल तर सक्ती नाही, असं जुन्या भाष्यकारांनी म्हटलंय."

"धोका आहे की नाही ते कोण ठरवणार? तुम्हीच? म्हणजे हाही सोयीचाच अर्थ की!"

मग त्यानं टेबलावर असा हात आपटला की कप थरथरले. "लबाड आहेस!"

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षांचं सगळं फिटलं असं वाटलं, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "घड्याळजी इथे असता ना, तर त्यानं तुला..." पुन्हा नजर दाराकडे.

संध्याकाळी बाई कोट घेऊन घड्याळाच्या दुकानात गेल्या. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"कोट केव्हाच झाला होता," बाई म्हणाल्या. "आणि मी खोटं बोलले. त्यांनी त्याच सकाळी तुमची चौकशी केली होती."

"मग असं का केलंत, वहिनी?"

"जळते मी तुमच्यावर. तुमच्याशी भांडताना ते कसे दिसतात, ठाऊक आहे तुम्हाला? ते सोयीचं वगैरे बोलले, त्याची माफी तुम्ही त्यांच्याकडूनच घ्या. उद्या चारला या. पण एक सांगून ठेवते. ती खुर्ची आता माझी. तुम्ही तुमचं बसायचं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी चारला बेल वाजली. घड्याळजींच्या काखेत ग्रंथ होता आणि हातात दुकानातलं स्टूल. नवरा पायात सपाता घालायचं विसरून दाराकडे धावला. बाईंसाठी तो असा कधी धावला नव्हता. त्या उठल्या नाहीत, खुर्ची आणखी पुढे ओढून बसल्या.