उजवं मागचं चाक

ताईची व्हॅन पुन्हा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कानसेनने हातातला पाना खाली ठेवला आणि मनात म्हटलं, आली कटकट.

कानसेन हे त्याचं नाव नव्हे, गिऱ्हाइकांनी चढवलेली पदवी. बूट काढून गाडीच्या मागच्या सीटवर बसायचं, तळवे खाली टेकवायचे, डोकं चाकावरच्या पत्र्याला लावायचं आणि मालकाला गाडी चालवायला सांगायचं, ही त्याची रीत. दोन-चार वळणं झाली की गाडीचं दुखणं सांगून मोकळा. आवाज ऐकल्याशिवाय चाक उघडायचं नाही, हा त्याचा बाणा. न ऐकता उघडतो तो मेकॅनिक नव्हे, भंगारवाला, असं तो येईल त्याला सुनवायचा. अशा बाण्यावर माणसाचं पोट चालतं आणि डोकंही चढतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. मागच्या महिन्यात तिची व्हॅन मागून घुमत होती. त्याने डावं चाक उघडून बेअरिंग बदललं, घुमणं थांबलं. तिथला ब्रेकचा लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारी पट्टी, चांगला होता, म्हणून उजव्या चाकाला त्याने हातच लावला नाही. मग ती सांगू लागली की ब्रेक मारला की मागून किंचाळल्यासारखं होतं. त्याने फेरी मारली, काही ऐकू आलं नाही, आणि तिला परत पाठवलं.

"अजून ओरडतेय," ताई खिडकीतूनच म्हणाली. "मुलं कानात बोटं घालतात."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"तू हल्ली माझं सगळंच कानामागे टाकतोस."

आई गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून ताई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. का, ते त्याने विचारलं नव्हतं. विचारायलाही अंगात त्राण लागतं. दिवसभर गाड्यांखाली लोळून घरी गेल्यावर त्याला जेवायचाही कंटाळा यायचा. आत्ताही तो बूट काढून मागे बसला तो निव्वळ वाद नको म्हणून.

कोपऱ्यावर, बसथांब्यापाशी, ताईने ब्रेक दाबला. कानसेनला टायरांची घरघर ऐकू आली, इंजिन ऐकू आलं, बाकी काही नाही. पण थांब्यावरची सगळी माणसं एकदम वळून व्हॅनकडे बघू लागली. एका बाईने खांदे आक्रसले. कडेला झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"आता तरी ऐकलंस?"

"पुढच्या वळणावर परत दाब," तो म्हणाला.

तिने दाबला. या वेळी तो ऐकत नव्हता, खिडकीतून बघत होता. फळवाल्याने दात आंबल्यासारखं तोंड केलं. फोन वाजला तरी उचलत नाही म्हणून बायको करवादायची, टीव्ही मोठा लावतोस म्हणून लेकीशी वाद व्हायचा. ते सगळं त्याने थकव्यावर ढकललं होतं. कानच गेले तर कानसेनचं राहिलं काय?

गॅरेजमध्ये परत येऊन त्याने उजवी बाजू जॅकवर घेतली आणि न ऐकता चाक उघडलं. ड्रम निघाला. लायनर पार झिजून त्यातले रिव्हेट, धातूचे खिळे, वर आले होते आणि त्यांनी ड्रमला चरे पाडले होते, नख अडकेल इतके खोल. याच ब्रेकवर मुलं रोज उतार उतरत होती.

"म्हणजे होता ना आवाज?" ताई डोक्याशी येऊन उभी राहिली.

थाप मारता आली असती. खडा अडकला असेल, कालच सुरू झालं असेल, असलं काहीबाही गिऱ्हाइकाला पचतं. ताकास तूर लागू न देता व्हॅन दुरुस्त झाली असती आणि पदवीही शाबूत राहिली असती. पण थाप निभावायलाही जोर लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता.

"होता. मला बारीक आवाज येत नाहीत, ताई. जाड येतात, बारीक नाही."

ताई शेजारच्या जुन्या टायरवर बसली. "कधीपासून?"

"नक्की नाही सांगता येत. दीड-दोन वर्षं झाली असतील."

तिने ड्रमवरच्या चऱ्यांवरून बोट फिरवलं. "आईचा आवाज शेवटी किती बारीक झाला होता," ती म्हणाली. "त्या दुपारी ती तुला हाका मारत होती. तू बाहेरच्या खोलीत होतास, दार उघडं होतं. मला तुझी पाठ दिसत होती. तू हलला नाहीस. मला वाटलं, हा कंटाळलाय तिच्या आजारपणाला. माझं मनच उडालं तुझ्यावरून."

त्याने विचारलं, "आणि आईला? तिला काय वाटलं?"

ताईने तळहाताने डोळे पुसले. "म्हणाली, दमलाय गं तो. झोपू दे त्याला."

तो झोपला नव्हता. खुर्ची दाराजवळ ओढून टक्क जागा बसला होता, आईने हाक मारली तर कळावं म्हणून.