वरच्या फळीवरचं कुत्र्याचं पुस्तक

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. तीन फळ्यांची, जड, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, हट्टी. विनिपेग सरोवराच्या काठी कोळ्यांचं एक गाव आहे, तिथल्या वाचनालयात दक्षिणेकडच्या खिडकीपाशी मी उभी आहे. मला हलवायचा बेत आजवर दोनदा झाला. दोन्ही वेळा हलवणाऱ्यांच्या कमरा धरल्या आणि मी होते तिथेच राहिले.

पूर्वी मी मांडणी नव्हते. बर्फावर घसरण्याच्या जुन्या रिंगणातली मी बाकं होते. चाळीस वर्षं पोरांनी माझ्यावर बसून बूट बांधले. त्या बुटांच्या पात्यांचे ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत. रिंगण पाडलं तेव्हा गावच्या सुताराने त्या बाकांतून मला घडवलं. ओरखडे त्याने घासून काढले नाहीत, यासाठी मी त्याला कायम दुवा देते.

या गावाचे पूर्वज आइसलंडहून आले. येताना ट्रंका भरभरून पुस्तकं आणली, असं इथला प्रत्येक जण छाती फुगवून सांगतो. नाताळात इथे एकमेकांना पुस्तकं देतात. एखाद्याला पोहता येत नाही हे इथे चालतं, पण एखाद्याला वाचता येत नसेल, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळे माझ्याभोवती जमतात. गेल्या वर्षभरात वाचलेलं सगळ्यात आवडतं पुस्तक प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. फक्त गोष्टी आणि कादंबऱ्या, पाककृती चालत नाहीत. खाली नाव, वय आणि पुस्तक का आवडलं त्याची एक ओळ. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात पडतात, मोठ्याने वाचल्या जातात, आणि ज्या पुस्तकाला चिठ्ठी मिळाली ते वर्षभर माझ्यावर उभं राहतं, सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांचं सगळ्यात पुढे. हा मान दुसऱ्या कुठल्याही कपाटाला नाही.

हे सगळं वाल्दिना चालवते. ती निवृत्त शिक्षिका, मनाची चांगली, पण नियमाला एकदम पक्की. तिने माझ्या फळ्यांना पितळी पट्ट्या ठोकल्या. खालची फळी सात वर्षांपर्यंत, मधली आठ ते तेरा, वरची मोठ्यांची. ज्याने त्याने आपल्या वयाच्या फळीसाठीच चिठ्ठी द्यायची. खिळे ठोकताना तिने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

आता ब्योसीबद्दल सांगते. ब्योसी एकोणसत्तर वर्षांचा कोळी. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराला भोकं पाडून खाली जाळी सोडतो. त्याची बायको लौगा बारा वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर पत्रं, परवान्याचे कागद, कादंबऱ्या, सगळं तीच त्याला वाचून दाखवायची. ती गेल्यावर दर जानेवारीत ब्योसी डब्यापाशी यायचा आणि जो भेटेल त्याला म्हणायचा, "थंडीनं बोटं आखडलीत रे, तूच लिही." मग वरच्या फळीकडे बघून सगळ्यात जाड पुस्तकाकडे बोट दाखवायचा. का आवडलं, तर "जोरदार आहे." अकरा वर्षं त्याने अशी वेळ मारून नेली. ती जाड पुस्तकं घरी जायची आणि जशीच्या तशी परत यायची. मला कळत होतं. उघडलेलं पुस्तक फळीवर वेगळं टेकतं.

माझ्यानंतर हे कळलं ते डेल्फिनला. ती आमची ग्रंथपाल. एका जाडजूड कादंबरीत छापखान्याच्या चुकीने मधली सोळा पानं कोरी राहिली होती. नेणारा प्रत्येक जण तक्रार करत परत यायचा. ब्योसीने मात्र ती परत देताना सांगितलं, "फार छान. मधला भाग तर विशेष!"

डेल्फिन हसली नाही. एवढंच म्हणाली, "ब्योसी, मंगळवारी सकाळी वाचनालय बंद असतं. मागच्या दाराने या. कॉफी करून ठेवते."

आणि तो आला, मित्रांनो! वर्षभर दर मंगळवारी आला. माझ्या खालच्या फळीपाशी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीला टेकवून. एकेका अक्षराशी तो झटायचा, घाम पुसायचा, शिव्या द्यायचा. तीनदा त्याने पुस्तक मिटून काढता पाय घेतला आणि तिन्ही वेळा पुढच्या मंगळवारी पुन्हा दारात उभा राहिला. अखेर डिसेंबरात त्याने एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकट्याने वाचलं. बर्फावर पाऊल टाकायला नकार देणाऱ्या पिंगी नावाच्या कुत्रीची ती गोष्ट. चोवीस पानं, रुंद, चित्रांची. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "चित्रातल्या कोळ्यानं बर्फ फोडायची कुदळ उलटी धरलीय. पण कुत्री खरी आहे."

तो जानेवारीचा रविवार मी विसरणार नाही. बाहेर उणे तीस आणि आत माणसांची दाटी. वाल्दिना डब्यातून एकेक चिठ्ठी काढून वाचत होती. एक चिठ्ठी काढून ती थबकली. अक्षरं मोठी होती आणि ओळ डोंगर चढल्यासारखी वर गेली होती.

"पिंगी बर्फावर जात नाही," तिने वाचलं. "ब्योसी, वय एकोणसत्तर. का आवडलं? मी हे स्वतः वाचलं." तिने चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "हा आगाऊपणा कुणाचा?"

हशा पिकला. न्हावी ग्रीमूर, ब्योसीचा लहानपणापासूनचा दोस्त, ओरडला, "अरे ब्योसी, पोरांनी तुझ्या नावानं मजा केलीय बघ! फाड ती चिठ्ठी वाल्दिना, आणि केक काप एकदाचा."

ब्योसीला सुटायला एवढं पुरेसं होतं. त्याने नुसतं हसायचं होतं. चिठ्ठी केराच्या टोपलीत गेली असती आणि त्याचं गुपित त्याच्याबरोबरच कबरीत गेलं असतं. डेल्फिनही गप्प होती, कारण ते सांगणं तिचं नव्हतं. मला तोंड नाही याचं त्या दिवशी जेवढं दुःख झालं तेवढं कधी झालं नाही. हसू नकोस ब्योसी, हसू नकोस, असं मी मनात म्हणत होते.

ब्योसी उठला. "पोरांनी नाही लिहिलं. मी लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे."

"तू? तुझी तर बोटं..."

"बोटांना काही झालेलं नाही, ग्रीमूर. कधीच झालं नव्हतं. मला लिहिता येत नव्हतं. वाचताही येत नव्हतं."

नुसती कॉफी उकळत होती.

"अकरा वर्षं मी जाड पुस्तकं सांगत आलो," तो म्हणाला. "एकही उघडलं नाही. त्या अकरा चिठ्ठ्या फाडा. ही एक ठेवा."

"थांबा, थांबा!" ग्रीमूर ताडकन उठला. "चार वर्षांपूर्वी वाल्दिनाच्या पुस्तकानं माझ्या पुस्तकाला एका चिठ्ठीनं हरवलं होतं, आणि ती चिठ्ठी ब्योसीची होती. म्हणजे खरं तर माझं..."

"ग्रीमूर, खाली बसा," डेल्फिन म्हणाली. तो बसला, पण पुटपुटत.

वाल्दिनाचा चेहरा लाल झाला होता. "शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचास तू," ती हळू म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुलाच तर सांगायची लाज वाटायची."

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. पण नियम तिच्या हाडीमासी भिनलेला. "तरी मोठ्या माणसाची चिठ्ठी खालच्या फळीला चालत नाही, ब्योसी. मी तो नियम आज तुझ्यासाठी मोडला, तर उद्या सगळेच मागतील."

"नको मोडूस," ब्योसी म्हणाला. तो माझ्याजवळ आला आणि वाकून खालच्या फळीवरून पिंगीचं पुस्तक काढलं. मग वरच्या फळीवरच्या दोन गलेलठ्ठ कादंबऱ्या बाजूला सारून त्याने ते त्यांच्या मधे खोचलं. फळी अरुंद, पुस्तक रुंद. ते चार बोटं बाहेर आलं आणि तसंच राहिलं.

"माझं वय एकोणसत्तर. मी वाचलं, मला आवडलं. म्हणजे हे मोठ्यांचं पुस्तक झालं. मोडला का नियम?"

वाल्दिनाने ते पुस्तक बोटाने आत ढकलून पाहिलं. "नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग काप केक."

तिने आलुबुखाऱ्याचा सात थरांचा केक कापला आणि पहिला तुकडा ब्योसीला दिला.

मित्रांनो, ते पुस्तक अजून वरच आहे. येताजाता कुणाची ना कुणाची बाही त्याला अडकते. वाल्दिना रोज ते आत ढकलून बघते, ते जात नाही, आणि ती ते खाली काढत नाही. पितळी पट्ट्याही अजून आहेत. असू देत. माझ्या अंगावर ओरखडे काय कमी आहेत! पण मी तुम्हाला सांगते, माझ्यासमोर कुणी कुठल्याही फळीकडे हात नेला तर त्याला वय विचारू नका. आणि जो बोटं आखडल्याचं सांगतो, त्याच्यासाठी एक खुर्ची आणि कपभर कॉफी ठेवा.

ब्योसी आता मंगळवारी येत नाही. शनिवारी, भर गर्दीत, पुढच्या दाराने येतो. मधल्या फळीवरचं एक पुस्तक घेतो आणि बोट फिरवत मोठ्याने वाचतो, कारण मनातल्या मनात वाचायला त्याला अजून जमत नाही. समोरच भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती त्याला आता वाचता येते. कुणी वळून पाहिलं की तो पान उलटतो आणि आवाज चढवतो.