ताई अजून दुकानातच आहे

समारोपाच्या दिवशी दुपारी ताई वारली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

ते सोडा. असं काही झालंच नाही. ताई दुकानात आहे, काउंटरवर कोपर टेकून उभी आहे आणि दुकानदाराची सालटी काढते आहे. आपण तिथूनच सुरुवात करू.

हे दुकान एका गोष्टीतलं. गोष्ट लिहिणारा कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून जबड्यांची मापं यायची, त्यांत हा प्लास्टर ओतायचा, मेणात दात रोवायचा, घासून-पुसून डबीत भरून परत धाडायचा. दिवसभर परक्या माणसांची तोंडं हातात धरून बसायचं आणि त्यांतलं एकही बोलायचं नाही, म्हटल्यावर माणूस लिहायला लागला तर नवल नाही. आई लवकर गेली. ताईनंच त्याला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एक गाढव सांभाळतेय, दुसरं कुठे बांधू?" गाढव लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि ताई भांडी घासता घासता निकाल द्यायची, "भिकार आहे. बरं, पुढे काय झालं?"

गेल्या वर्षी एका सकाळी ती कुकरची शिट्टी बदलून आणायला गेली. शिट्टी नवी होती, पण वाजत नव्हती. दुकानदार म्हणाला, ही आमच्याकडची नाहीच. ताई भांड भांड भांडली, जिंकली, दुसरी शिट्टी घेऊन घरी आली, ती ओट्यावर ठेवली, म्हणाली, "जरा पडते रे." ती पडली ती उठलीच नाही.

पुढे कवळीवाल्यानं हीच गोष्ट लिहायला घेतली. ताई दुकानात जाते, भांडण सुरू होतं आणि मग ते संपतच नाही. दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतो, ताई वाकून भांडते. दुकानदाराच्या मुलीचं लग्न ठरतं, ताई काउंटरवरूनच नवऱ्या मुलाच्या नाकात खोट काढते. दुकानदार म्हातारा होतो, त्याचे दात पडतात, कवळी बसते, आणि नव्या कवळीनं तो पहिलं वाक्य बोलतो ते हेच, "बाई, ही आमच्याकडची नाही." पानांमागून पानं. कारण सरळ होतं. भांडण मिटलं की ताईला घरी यावं लागणार. आणि घरी आली की ती जरा पडणार.

या अर्धवट गोष्टीवर त्याची आंतरराष्ट्रीय लेखन-निवासासाठी निवड झाली. नाना देशांचे लेखक एका जुन्या वसतिगृहात आठवडाभर राहणार, एकमेकांचं लेखन तपासणार, मधे एक दिवस साहित्यिक सहल. प्रत्येक खोलीत दोन पलंग, एक टेबल आणि प्रेरणा यावी म्हणून एक खिडकी. त्याच्या खोलीत एक कादंबरीकार होता. चौदा वर्षं तो एकच कादंबरी लिहीत होता आणि घोरताना मात्र कुठेही अडत नव्हता.

कार्यशाळेचा एक नियम होता. ज्याच्या लेखनावर चर्चा, त्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसायचं. "लेखक मेला आहे असं समजायचं," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. कवळीवाल्याची काही हरकत नव्हती. तो मेलेला आणि ताई जिवंत, ही वाटणी त्यानं वर्षापूर्वीच आनंदानं घेतली असती. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

"बाई झकास उतरलीय," कादंबरीकारानं सुरुवात केली. "पण खोटी वाटते. अशी बाई असते का कुठे?"

"मला तर ती शिट्टी म्हणजे मृत्यू वाटला," एक कवयित्री म्हणाली.

"मला लोकशाही वाटली," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते काही असो, गोष्टीला शेवट नाही. बाई मेली पाहिजे."

"कशानं?"

"कशानं का असेना. दुकानात पंखा असेलच की."

"पंखा नको, फार बटबटीत होईल. शांतपणे जाऊ दे तिला. घरी वगैरे."

मार्गदर्शक बाईंनी हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले. मेलेल्याला मत नव्हतं.

"हं, आता लेखक जिवंत," बाई हसून म्हणाल्या. "काही बोलायचंय?"

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. "दुकानात पंखा नाहीये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहल. एका दिवंगत लेखकाचं घर जसंच्या तसं जपलं होतं. दोरीपलीकडे टेबल, त्यावर घडी न केलेला चष्मा, खुर्चीच्या पाठीला स्वेटर. दाखवणारा काळजीवाहक म्हातारा होता आणि सगळं कुजबुजत सांगत होता, जणू आत कुणी झोपलंय. न्हाणीघरात अर्धा झिजलेला साबण होता.

"साबण त्यांचाच?" कवळीवाल्यानं विचारलं.

"छे हो. उंदीर खातात. नवा आणतो आणि मीच हात धुऊन धुऊन झिजवतो. मालक जरा बाहेर गेलेत असं वाटलं पाहिजे, तशी सूचनाच आहे."

"कुणी विचारत नाही, कधी येणार म्हणून?"

"लहान मुलं विचारतात."

"मग?"

"सांगतो, संध्याकाळी येतील." म्हाताऱ्यानं स्वेटरची बाही उगाच सारखी केली. "संध्याकाळी आम्ही बंद असतो."

परतताना बसमध्ये कादंबरीकार शेजारी येऊन बसला. "रागावलास होय रे? मारून टाक तिला, मोकळा हो."

"तू का नाही संपवत मग तुझी?"

"संपवली तर बायको म्हणेल, झालं ना, आता घरात लक्ष घाल."

कवळीवाला म्हणाला, "ती खोटी नाहीये. माझी ताई आहे."

"काय सांगतोस! अरे मग एकदा भेटव की."

"दुकानात गेलीय," तो म्हणाला. कादंबरीकार खदखदून हसला. त्याचं तरी काय चुकलं? वाक्यच तसं होतं.

समारोपाला प्रत्येकानं दहा मिनिटं वाचायचं होतं. वेळ भरली की मार्गदर्शक बाई टेबलावरची घंटा वाजवणार आणि वाचणारा असेल तिथे थांबणार. कवळीवाल्याला हा नियम इतका आवडला की त्यानं बाईंना भेटून खात्री करून घेतली. "वाक्य अर्धवट राहिलं तरी थांबायचं?" "तरी थांबायचं." पानं भरपूर होती. दहा मिनिटांत नवऱ्या मुलाच्या नाकापर्यंतसुद्धा गाडी येणार नव्हती. शेवटाचा प्रश्नच नव्हता.

तो वाचायला लागला. पहिल्यांदा कवयित्री हसली. मग ओळच्या ओळ. ताई वाकून शटरखालून भांडायला लागली तेव्हा पाठीमागे कुणाला तरी ठसका लागला. कवळीवाल्याला वाचता वाचता वाटलं, बघ ताई, भिकार नाहीये. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. वेळ कधीच भरली होती. त्यानं घंटेकडे पाहिलं. बाईंनी घंटा उचलून मांडीवर घेतली होती आणि डोळे पुसत होत्या.

"वाचा, वाचा," त्या म्हणाल्या. "आज नियम गुंडाळून ठेवू. संपेपर्यंत वाचा."

तो वाचत गेला. सावकाश वाचलं, पाणी प्यायला, एक पान दोनदा वाचलं. लोक दोन्ही वेळा हसले. तरी पानं संपली. सभागृह त्याच्याकडे बघत राहिलं. चेहरे हसरे, माना पुढे. सगळ्या माना एकच विचारत होत्या, बरं, पुढे काय झालं?

आजवर हे विचारल्यावर त्यानं कधी सांगितलं नाही असं झालं नव्हतं. हातात कोरा कागद धरून त्यानं सांगितलं. दुकानदार म्हणाला, घ्या बाई, तुम्ही जिंकलात. ताई शिट्टी घेऊन घरी आली. शिट्टी ओट्यावर ठेवली. म्हणाली, जरा पडते रे.

मग टाळ्या. कादंबरीकार उभा राहून वाजवत होता, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आता कुठे गोष्ट झाली!" तो ओरडला. मार्गदर्शक बाईंनी मिठी मारली आणि त्या गडबडीत मांडीवरची घंटा खाली पडून वाजली.

कवळीवाला खोलीत गेला, खिडकीपाशी बसला आणि निघण्याआधी त्यानं कार्यालयात एक अर्ज दिला.

"प्रति, माननीय संचालक. विषय: समारोपाच्या वाचनातील शेवटची चार वाक्ये रद्द करण्याबाबत. महोदय, उपरोक्त वाक्ये नियमानुसार मंजूर वेळेनंतर उच्चारली गेली असल्याने ती ग्राह्य धरू नयेत. घंटा वेळेवर वाजली होती असे मानण्यात यावे. उपस्थितांनी वाजवलेल्या टाळ्या त्यांना सन्मानपूर्वक परत करण्यात याव्यात. अर्जदाराच्या वडील भगिनीस संबंधित दुकानात, काउंटरसमोर, आहे त्या आवाजात पूर्ववत उभे करण्यात यावे व दुकानदारास कोणत्याही परिस्थितीत माघार न घेण्याविषयी समज द्यावी. अर्जदार संध्याकाळी घरी पोहोचत आहे. तत्पूर्वी आदेश व्हावेत, ही विनंती."