नारळपाणी प्यालेला कॅमेरा

मी विकलेला कॅमेरा दुकानात परत आला की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकावर नंतर, आधी स्वतःवर. सावली गावच्या बस स्टँडमागे माझं दुकान आहे, 'रिना व्हिडिओ रिपेअरिंग'. गडचिरोलीपासून सिंदेवाहीपर्यंतच्या शूटिंगवाल्यांना ठाऊक आहे, रिनाबाईच्या हातून गेलेली वस्तू रडत परत येत नाही. नागपूरहून बंद पडलेले कॅमेरे आणायचे, दोहोंचे भाग काढून एक चालता करायचा, एखाद्या साखरपुड्यात स्वतः वापरून बघायचा आणि मगच विकायचा, हा माझा धंदा. कोरं करकरीत सामान घ्यायची ऐपत इथं फारशी कुणाची नाही, माझीही नाही. ट्रायपॉडचा तुटका पाय मी सायकलच्या सीटचा क्लॅम्प लावून जोडते. लेन्सला बुरशी धरू नये म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या चपलांच्या दुकानातून मागून आणते. लोक हसतात. हसू देत, वस्तू चालते ना?

तर एप्रिलमधल्या त्या सकाळी शेजारच्या व्याहाड गावचे भैयाजी छातीशी स्टीलचा डबा धरून दुकानात शिरले. मागे त्यांची सून दिव्यानी, डोळे सुजलेले. दिव्यानीला मी आठवड्यापूर्वीच कॅमेरा विकला होता. महिनाभर ती माझ्याकडे येऊन तो चालवायला शिकली होती, आणि तिला पहिली ऑर्डरही मिळाली होती, गावातल्याच मुखरूच्या मुलीच्या, चंचलच्या लग्नाची. बाईमाणूस शूटिंग कसं करील म्हणून मुखरू कां कूं करत होता. तेव्हा भैयाजींनी भर पानठेल्यावर सांगितलं होतं, "माही सून काढन शूटिंग. नाई जमलं तं पुन्हा कोनाच्या लग्नात तिच्या हातात कॅमेरा दिसनार नाई." म्हातारा शब्दाचा पक्का. आणि लग्न आता एका दिवसावर आलं होतं.

भैयाजींनी डबा काउंटरवर ठेवला. झाकण उघडलं तर वरपर्यंत तांदूळ.

"भाऊ, मी कॅमेरे दुरुस्त करते. तांदूळ निवडून नाई देत," मी म्हटलं.

"त्याच्यातच हाय," भैयाजी म्हणाले आणि खाली बघू लागले.

मी तांदळात हात घातला. माझा कॅमेरा, मी पुसून-पुसून चकचकीत केलेला, आतून निघाला. कपाळावर हळदीकुंकू, बटणं चिकटलेली.

"काय झालं?"

दिव्यानी बोलायला गेली, पण भैयाजींनी हातानं थांबवलं. "मी सांगतो. ट्रॅक्टर घेतला तवा नारळ फोडला. मोटर बसवली तवा फोडला. म्हटलं, सुनेचा कॅमेरा हाय, याची पूजा नाई केली तं बरं नाई दिसत. पाटावर मांडला, समोर नारळ फोडला, आन् ट्रॅक्टरले शिंपडतो तसं पानी शिंपडलं."

"किती शिंपडलं?"

"चारी बाजूनं," भैयाजी म्हणाले. मग थोडं थांबून, "वरून बी."

"मंग माह्या सासूबाईनं तांदळात टाकला," दिव्यानी म्हणाली. "मोबाईल भिजला का तांदळात टाकतात म्हनून. मी विहिरीवर गेली होती, ताई. येऊन पाह्यते तं हे असं."

मला हसूही येत होतं आणि रागही. आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. माझ्या दुकानात बाबासाहेबांचा फोटो आणि खाली स्क्रू-ड्रायव्हर, एवढीच मांडामांड. पण साध्या पाण्यानं भिजलेलं यंत्र मी डोळे झाकून वाळवलं असतं. नारळपाण्यात साखर आणि क्षार. त्या चिकटपणावर तांदळाची भुकटी बसलेली. आत खीर शिजायचीच काय ती बाकी होती.

एवढ्यात भैयाजींचा फोन वाजला. मुखरूच होता. गावात बातमी पोचली होती. फोनवरचा त्याचा आवाज मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होता. "भैयाजी, दिवस मावळाच्या आत मले कॅमेरा चालू दिसला पाह्यजे. नाई तं मी गडचिरोलीच्या स्टुडिओवाल्याले बोलावून राह्यलो. माही एकच पोरगी हाय."

त्याचंही चुकत नव्हतं. भैयाजींनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. ट्रॅक्टरवर रुबाबात बसणारा माणूस, पण त्या वेळी ते एवढेसे दिसत होते.

"काऊन बसले? पंखा बंद करा, स्क्रू उडतात," मी म्हटलं आणि कामाला लागले.

कॅमेरा उघडला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी मी वाटीत घेतलं आणि लहान पोरांच्या दात घासायच्या मऊ ब्रशनं एकेक भाग धुतला. भैयाजी दचकले. "पान्यानंच बिघडला, आन् तुमी पुन्हा पान्यानंच धुऊन राह्यले?"

"तुमचं पानी गोड होतं भाऊ. हे पानी गोड घेऊन जाते."

मग मोबाईलवाले वापरतात त्या स्पिरिटनं पुसलं. वाळवायला गरम हवेचं मशीन लागतं. माझ्याकडे ते नाही, पण आमच्या जिल्ह्याचं एप्रिलचं ऊन आहे. मागच्या पडवीत पत्र्याखाली, सावलीत, जुन्या ट्रंकेवर सुती कापड अंथरून सगळे भाग मांडले. दुपारी तिथं हात ठेववत नाही. भैयाजी त्या भट्टीत पंचा डोक्यावर घेऊन बसले, माशी बसू देईनात. मी दोनदा आत बोलावलं, उठले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा जोडणी केली, बॅटरी लावली. स्क्रीन उजळली. दिव्यानीचा चेहरा त्यात दिसला, सुजलेल्या डोळ्यांसकट, पण लख्ख. ती ओरडलीच. मलाही वाटलं, रिना, तुझ्यासारखी तूच.

मग मी शूट केलेलं लावून बघितलं. चित्र होतं, आवाज नव्हता. वरून माईक लावला, तरी नाही. आवाजाचा छोटा भाग नारळपाण्यानं खाल्ला होता. तो नागपूरहून मागवायचा म्हणजे लग्न होऊन पोरगी सासरी रुळली असती. माझ्याकडचा दुसरा कॅमेरा कोरपन्याला भाड्यानं गेलेला.

"मुकं लग्न," दिव्यानी म्हणाली आणि मटकन बसली. "मंगलाष्टकं नाई, बँड नाई. मुखरूकाका काय म्हनन?"

भैयाजी पंच्यानं डोळे टिपू लागले.

रडणाऱ्या माणसांसमोर माझं डोकं जरा जास्त चालतं. आम्ही शिकाऊ होतो तेव्हा आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यायचो. "भाऊ, तुमचा मोबाईल द्या," मी म्हटलं. त्यात रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात ठेवला. "आता कॅमेऱ्यापुढं उभे राहा आन् एक टाळी वाजवा. जोरात."

"मी?"

"नारळ कोनी फोडला?"

भैयाजींनी टाळी वाजवली. मी चित्र आणि आवाज दोन्ही कॉम्प्युटरवर घेतले. पडद्यावर तळहात भिडतात त्या क्षणावर टाळीचा आवाज आणून ठेवला, की पुढचं सगळं आपोआप जुळतं. लावून दाखवलं. पडद्यावरच्या भैयाजींनी टाळी वाजवली आणि ठणठणीत ऐकू आली. मागोमाग माझ्याच दुकानातला माझाच आवाज, "बस झालं, भाऊ."

"पन कॅमेरा बंद करून चालू केला का दरवेळी टाळी पाह्यजे," मी बजावलं. "लग्नभर. सगळ्यायसमोर. जमन का?"

भैयाजींनी पंचा झटकला. "जमन."

तोच तुकडा मुखरूला मोबाईलवर पाठवला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'ठीक हाय.'

दुसऱ्या दिवशी मीही गेले. माझं नाव पणाला लागलं होतं, घरी कशी बसणार? मांडवात दिव्यानी साडीचा पदर खोचून ट्रायपॉडमागे उभी. नवरदेव आला. भैयाजी कॅमेऱ्यापुढे गेले, दोन्ही हात वर केले, ठाण्ण! अक्षता वाटल्या, पुन्हा ठाण्ण! बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आधी वऱ्हाडातल्या पोरासोरांना वाटलं म्हातारा सरकला, मग त्यांना वाटलं ही या गावची रीत असावी. तीही वाजवू लागली. दिव्यानी मागून डोळे वटारून सांगत होती, एकच टाळी, एकानंच.

शेवटी मुखरूच्या मेव्हण्यानं, सोमाजीनं, भर मांडवात विचारलं, "का हो भैयाजी, सुनेपुढं टाळ्या वाजवून राह्यले? लाज नाई वाटत का?"

सगळ्या माना भैयाजींकडे वळल्या. कॅमेऱ्यामागे दिव्यानीचा हात थबकला. पानठेल्यावरचा तो शब्द सगळ्यांना आठवत होता.

"माही सून काम करून राह्यली," भैयाजी म्हणाले. "मी नाई वाजवन तं कोन वाजवन?" आणि त्यांनी पुढची टाळी अशी वाजवली की बँडवाल्यानं दचकून ढोलावरचा हात काढला.

मुखरूला शूटिंग आवडलं. चंचल सासरी निघताना बापाच्या गळ्यात पडून काय बोलली तेसुद्धा स्वच्छ आलं, कारण भैयाजी खिशातल्या मोबाईलसकट शेजारीच उभे होते, स्वतःही डोळे पुसत. मुखरूनं तो भाग मला दोनदा लावायला लावला आणि मग पाठ करून उभा राहिला.

पुढे आवाजाचा भाग नागपूरहून आला, मी बसवला. कॅमेरा न्यायला दोघं आले. भैयाजींच्या हातात एक नारळ होता. मी तो त्यांच्यादेखत घेऊन मागच्या खोलीत चटणीसाठी ठेवून दिला. दिव्यानीकडे तोवर आणखी दोन लग्नांच्या ऑर्डरी आल्या होत्या. मी माझ्या कामावर खूश होते, ते लपवलंही नाही.

"घ्या भाऊ, पहिल्यासारखा झाला," मी म्हटलं. "आता आवाज कॅमेऱ्यातच येते. टाळीची गरज नाई."

भैयाजींनी कॅमेऱ्याची पिशवी सुनेच्या खांद्यावर नीट अडकवली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"गरज नसन तं वाजवू नये का?"

"वाजवा ना," मी म्हटलं. दिव्यानी दाराबाहेर उभी राहून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.