मयतांसाठी एक अक्षर

अनुपची ताईआत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता वारली. तसं काही झालेलं नाही, पुढं चला.

साल सत्त्याण्णव. अनुप बारामतीत एका कॉम्प्युटर सेंटरवर होता. निरवांगीच्या एका पाणीवाटप संस्थेची सभासद यादी जुन्या फॉन्टातून सरकारी कोडात आणायची होती. त्यानं पर्ल नावाच्या कॉम्प्युटर भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला: जुन्या अक्षराचा नंबर वाच, नव्याचा टाक. प्रोग्राम एकशे तेरा नावांवर अडला. त्या नावांपुढं २५५ नंबरचं अक्षर होतं. पडद्यावर ते दिसत नव्हतं आणि नव्या कोडात त्याला जागा नव्हती.

त्यानं संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"विजयसिंहराव, ही कसली खूण हाय?"

"मयताची. सभासद मेला तरी आमी नाव खोडत न्हाय, घरच्यांना लागतं. रामहरी आपरेटर तेवढं अक्षर टाकायचा."

"रामहरीच्या नावापुढंबी हाय."

"मग? वारला की त्यो, दोन वर्सं झाली."

"फाईलीत शेवटची नोंद त्याच्याच नावानं हाय. तारीख कालची."

पलीकडं फोन ठेवला गेला.

एकशे तेरावं नाव ताईबाईचं होतं. निरवांगीला दिलेली, आता जळोचीत अनुपजवळ राहणारी, त्याला लहानाचा मोठा केलेली आत्या. तेवढ्यात शेजारच्या करुणाकाकूंचा फोन आला. "अनुप, पळत ये. आत्या मेथी निवडता निवडता आडवी झाली. श्वास न्हाय रं!"

अनुपनं एक ओळ लिहिली: जिथं २५५, तिथं काही नाही. घाईत ती मूळ फाईलवरच चालवली; एकशे तेरा खुणा पुसल्या गेल्या. दुसरी प्रत नव्हती.

घरी आत्या मेथी निवडत बसली होती.

"बोंबलताय कशाला समदी?" ती म्हणाली. हात माठासारखा गार. श्वास तेवढा तिनं परत सुरू केला नव्हता.

बुधवारी अनुप निरवांगीला गेला, तर संस्थेच्या ओट्यावर यादीतली बाकीची एकशे बारा माणसं बसलेली. बाहेर चपलांचा जोड एकच, विजयसिंहांचा.

"पोरा, खूण परत टाक," रामहरी म्हणाला. "पडायला जागा न्हाय आमाला."

"नव्या कोडात ते अक्षरच न्हाय, आबा."

"आसं व्हय. मंग अर्ज करावा लागंल."

अर्ज घेऊन अनुप घरी आला. आत्या अजून तीच जुडी निवडत होती. कागद बघून तिनं अंगठा पुढं केला.

"तुझा नको, आत्या."

"दमले रं बाळा," ती म्हणाली.

त्यानं शाईचं पॅड उघडलं.

*प्रति, मा. सचिव, अक्षरसंकेत समिती, नवी दिल्ली. महोदय, नवीन कोडात आम्हा एकशे तेरा जणांसाठी एक अक्षर, न दिसणारे असले तरी चालेल, मंजूर करावे व ते मंगळवार सकाळी अकरापासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावे, ही नम्र विनंती. सोबत: अंगठे, एकशे तेरा.*