बेसिनखालचा बुटका बाक

मी एक जुना, बुटका बाक आहे. मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हाला हसू येईल. मोठं माणूस माझ्यावर बसलं की त्याचे गुडघे हनुवटीला टेकतात. पण मला मोठ्यांसाठी केलंच नव्हतं. वसईजवळच्या उमेळे गावात, रेजिनामावशीच्या घरी, लहान मुलांचे हात बेसिनच्या नळापर्यंत पोचावेत म्हणून माझा जन्म झाला.

त्याआधी मी फणस होतो. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठावर, थंडगार पाण्यात स्वतःची सावली बघत उभा असे. पुढे शेजारची वाडी विकली गेली आणि तिथे इमारत उठू लागली. विटा-वाळूच्या गाड्यांना वाट हवी म्हणून माझ्यावर करवत चालली. पास्कलकाकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, माझी एक फळी मागून आणली. काका काही सुतार नव्हते. केळी आणि पालेभाज्या पिकवणारा माणूस तो. त्यामुळे माझा एक पाय आखूडच झाला.

"अहो, हा डुलतोय," मावशी म्हणाली.

काकांनी त्या पायाखाली रबराची चकती ठोकली. "आता वर पोरं नाचली तरी हलणार नाही."

आणि पोरं खरंच नाचली. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं, पण सकाळी आठ वाजले की तिच्या ओट्यावर चपलांची रांग लागायची. नव्या इमारतींतले आईबाप कामाला जाताना मुलं तिच्याकडे सोडून जात. जेवणाआधी मुलं माझ्यावर चढत, आणि मावशी त्यांचे हात आपल्या हातात घेऊन गाणं म्हणे, "तळवा तळवा, पाठ पाठ, बोटांमधली वाट वाट." पाणी माझ्या अंगावर सांडे. माझा रंग उडाला, कडा झिजल्या, पण खरं सांगतो, एवढं सुख मला फणस असतानाही मिळालं नव्हतं.

एका वर्षी पास्कलकाका काविळीने गेले. काका गेल्यावर मावशी बोलेनाशी झाली. चर्चमधून आली की पदराने डोळे पुसत खिडकीत बसायची. तेव्हा तिच्या मांडीवर उन्नती आली. लंगोटातली, एवढीशी, डोक्यावर जावळाचा नुसता धूर. तिची आई विनिता कुडाळची. उन्नतीचे बाबा नोकरीसाठी पुण्याला, त्यामुळे विनिता इथे एकटीच. बाळाला मावशीच्या हातात देताना तिचे हात सुटत नव्हते.

"मावशी, रडली तर फोन कराल ना?"

"तू रडू नकोस आधी," मावशी म्हणाली. पुष्कळ दिवसांनी ती हसलेली मी पाहिली.

उन्नती पहिल्यांदा उभी राहिली ती मला धरून. मग तिने हात सोडला आणि दोन पावलं टाकून ती मावशीच्या कुशीत पडली. मावशीने तिला छातीशी धरलं. पण संध्याकाळी विनिता आली तेव्हा मावशी त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. दोन दिवसांनी विनिता धावत आली. "मावशी, काल उन्नी चालली! माझ्यासमोर, पहिल्यांदा!" मावशीने दोन्ही हात गालांवर ठेवले. "खरंच? अगो बाई!"

अशी होती माझी मावशी. दुसऱ्याच्या सुखासाठी गोष्ट पोटात ठेवायची. त्याच सवयीने पुढे तिचा घात केला.

उन्नती चार वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी झोपली की ती मधेच किरकिरत उठू लागली. सारखी चड्डीत हात घालून खाजवायची. जेवणावरून तिचं मन उडालं. मावशीने गूळ बंद केला, वावडिंगाचं पाणी दिलं. एके सकाळी मुलीला धुताना मावशीला ते दिसले. सुताच्या तुकड्यांसारखे, बारीक, पांढरे, वळवळणारे. जंत.

"सांगायला हवं विनिताला," मावशी स्वतःशीच म्हणाली. पण त्या संध्याकाळी विनिता आली ती तापाने फणफणलेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी काहीतरी बोललं म्हणून रडवेली. मावशीने मनात म्हटलं, आणखी दोन दिवस वावडिंग देऊन बघू, जातील. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

जंत गेले नाहीत. रविवारी घरी विनितालाच ते दिसले.

सोमवारी सकाळी उन्नती माझ्यावर उभी होती. हातांना साबणाचा फेस होता. विनिता निघून गेली असं मावशीला वाटलं होतं, पण ती दारातून परत फिरली.

"मावशी, उन्नीला जंत झालेत. तुम्हाला दिसलं नाही?"

मावशीला खोटं बोलता येत नसे. "दिसले ग. मला वाटलं वावडिंगाने जातील. मी सांगणारच होते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" विनिताचा आवाज चिरकला. "माझी मुलगी रात्र रात्र झोपत नाहीये, मी तिला ओरडतेय, आणि तुम्ही गप्प? इथूनच आलेत ते! ही माती, ते बावखल, त्या कोंबड्या! आमच्याकडे रोज फिनेलने लादी पुसतात."

"विनिता, ऐक तरी."

विनिताने ऐकलं नाही. तिने उन्नतीला माझ्यावरून तशीच उचलली. मुलीच्या हातांवर साबण तसाच होता. मावशी टॉवेल घेऊन फाटकापर्यंत धावली. "अगो, तिचे हात तरी पुसू दे! डोळ्यांत जाईल साबण!" रिक्षा निघून गेली. मावशी परत आली तेव्हा तिच्या हातातला टॉवेल कोरडाच होता.

मित्रांनो, त्यानंतर कोणी भांडलं नाही. मुलांच्या आयांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात काय ते बोलणं झालं असावं. कोणाची आजी अचानक गावाहून आली, कोणाला शाळेत लवकर घालायचं ठरलं. सगळ्यांनी मावशीचे हसतमुखाने आभार मानले. महिना सरण्याआधी ओट्यावर फक्त मावशीची चप्पल उरली.

मावशीची पुतणी मर्लिन शेजारीच राहते. तिने मावशीला बळेच डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर मावशी माझ्यावर बसून राहिली.

"काकी, डॉक्टर काय म्हणाले ते डोक्यात शिरलं का?" मर्लिन म्हणाली. "हे जंत मातीतून येत नाहीत, कोंबड्यांतून येत नाहीत, गूळ खाऊन होत नाहीत. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. मूल खाजवतं, नखांत अंडी अडकतात, तेच बोट तोंडात. चादरीला लागतात, टॉवेलला लागतात. वाडीतल्या पोरांना होतात तसे टॉवरमधल्या पोरांनाही होतात."

"मग आले कोणाकडून?"

"ते कोणालाच सांगता येत नाही. कळून उपयोग काय? घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एकदा. नखं कापायची, सकाळी उठल्यावर अंघोळ, कपडे-चादरी गरम पाण्यात. संपलं."

मावशी ताडकन उठली. "विनिताला कळवायला हवं! ती पोरीला तेवढं देईल, स्वतः घेणार नाही."

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला तर लागेचना. मर्लिनने डॉक्टरांचं सगळं सांगणं लिहून पाठवलं. ते कोणी वाचलं नाही. काही दिवसांनी कळलं की विनिता घर बदलून विरारला, बोळिंजला राहायला गेली.

डॉक्टरांनी मावशीचा दोष नाही म्हणून सांगितलं होतं. पण तिच्या मनाने ते घेतलं नाही. तिने चादरी उकळल्या. मला गरम पाण्याने घासून उन्हात ठेवलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, माझ्या फळीला भेग पडेपर्यंत. स्वतःची नखं इतकी खोल कापली की बोटांतून रक्त आलं. हात धुऊन धुऊन तिचे तळवे फाटले. नाताळात करंज्या केल्या, ताट भरलं, वर रुमाल घातला आणि दारात थबकली.

"मर्लिन, माझ्या हातचं खातील ना ग लोक?"

मर्लिनने ताटातली करंजी उचलून खाल्ली. पण मावशीने ताट कोणाकडे पाठवलं नाही.

पुढल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, विनिता आली. वाळली होती. सोबत उन्नती. केवढी उंच झाली होती! आता तिला नळासाठी माझी गरज पडली नसती. मला पाहून ती ओळखीचं हसेल असं उगाच वाटलं होतं. तिचं माझ्याकडे लक्षही गेलं नाही.

"मावशी, माझं चुकलं," विनिता ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाली. "तिकडे गेल्यावरही जंत परत परत येत राहिले. औषध मी फक्त हिलाच देत होते. तिकडच्या पाळणाघराने मला सांगितलं, तुमच्या घरातूनच येतात, मुलीला आणू नका. सगळ्यांसमोर सांगितलं मला. शेवटी डॉक्टर म्हणाले, तुम्हाला पण असतील. होतेच, मावशी. मलाच होते." ती रडू लागली. "कोणी कोणाला दिले, देव जाणे. मी मात्र तुम्हाला..."

"असू दे ग," मावशी म्हणाली. तिची नजर विनितावर नव्हतीच. ती उन्नतीसमोर खाली बसली, पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. "उन्नी, ये. ओळखलंस का मला?"

उन्नतीने आपले हात पाठीमागे लपवले. एक पाऊल मागे सरकली.

"नको. तुझ्या हाताला किडे आहेत."

विनिताने तोंडावर हात दाबला. "मीच..." ती पुटपुटली. "तेव्हा रागात मीच सांगितलं होतं तिला." आणि एकाएकी तिने मुलीवर हात उगारला.

मावशीने तो वरच्यावर धरला. "मारू नकोस. पोर शिकवलेलंच बोलली."

मग मावशी आत गेली आणि दुकानातला बिस्किटांचा पुडा घेऊन आली. लांबूनच, दोन बोटांच्या टोकांनी धरून तिने तो उन्नतीपुढे केला. "हा घे बाळा. बंद आहे बघ. मी फोडला नाही."

उन्नतीने आधी आईकडे पाहिलं.

"मावशी, हिला पुन्हा ठेवाल तुमच्याकडे?" जाताना विनिताने विचारलं. "हळूहळू विसरेल ती."

मावशीने फाटकाची कडी धरली. "नाही ग विनिता. रोज सकाळी ती माझ्या हातांकडे बघेल. मला ते सोसायचं नाही."

त्या गेल्या. त्यानंतर मावशीने कोणाचंच मूल सांभाळलं नाही. मर्लिन म्हणते, "काकी, लोक विचारतात, पुन्हा सुरू कर." मावशी नुसती नाही म्हणून मान हलवते. मला तिने मागल्या दारी नेऊन ठेवलं आहे. माझ्यावर आता तुळशीला पाणी घालायचा डबा असतो. भेगेत मुंग्या झाल्यात. मी कुजलो तरी मला वाईट वाटायचं नाही. मावशी दुपारची एकटी जेवायला बसते, त्याचं वाटतं.

मित्रांनो, जेवण्याआधी आणि शौचाहून आल्यावर हात साबणाने धुवा. नखं वाढवू नका. खाज सुटली तर लाजू नका, आईला सांगा, आणि आईने घरातल्या सगळ्यांचं औषध आणावं. जंत कोणालाही होतात. तुमच्या वर्गातल्या कोणाला झाले तर त्याच्यापासून लांब पळू नका, आणि त्याच्या घराला नावं ठेवू नका. आणि मोठ्यांनो, तुम्हीही हे ऐकत असाल तर लाकडाच्या या तुकड्याचं एवढं ऐका. जंतांवर औषध आहे, सगळ्यांनी नीट घेतलं की ते निघून जातात. रागाच्या भरात लहान मुलाच्या कानात घातलेला शब्द मात्र निघत नाही. तो घालण्याआधी, हात जोडतो, थोडं थांबा.