आधी आभार, मग आकडा

कोसीने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि आईने तिच्या काखेखालचं कापड चिमटीत पकडून टाचणी खोचली. तोंडात आणखी टाचण्या होत्या, त्यामुळे आई बोलत नव्हती. घरात अशी शांतता आठवड्यातून एकदाच मिळे, आणि तीही टोचणारी.

कापड पिवळं होतं, त्यावर निळे स्टेथोस्कोप. आईने ते नायजेरियातल्या आबा शहराच्या बाजारातून थेट छापून मागवलं होतं. छापणाऱ्याने आयुष्यात स्टेथोस्कोप पाहिला नसावा. वेटोळी घालून बसलेले निळे साप ह्यूस्टनच्या उन्हात फणा काढून बघत होते. चर्चच्या पास्टरांनी पहिल्यांदा नमुना पाहिला तेव्हा क्षणभर डोळे मिटले होते.

"श्वास सोड," आई टाचण्यांमधून म्हणाली.

कोसीने सोडला. सोमवारपासून आत कोंडलेल्यातला थोडाच बाहेर आला.

येत्या रविवारी चर्चमध्ये अन्याएग्बू कुटुंबाचं आभारप्रदर्शन होतं. सगळं खानदान एकाच कापडात, डोक्यावर सुरण आणि माल्टच्या गोड सरबताच्या बाटल्यांची खोकी घेऊन, दारापासून वेदीपर्यंत नाचत जाणार होतं. कारण कोसीची केमिस्ट्रीची एपी परीक्षा. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीची ही परीक्षा द्यायची, आणि जुलैत एकच आकडा हाती पडतो: पाचपैकी किती. पोरगी चार वर्षांची असल्यापासून वडील तिला 'डॉक्टर' म्हणत. मे महिन्यात पेपर झाल्यापासून ते भेटेल त्याला नुसता पंजा उघडून दाखवत. पाइपलाइन कंपनीत वेल्डिंगचे सांधे तपासायचा त्यांचा धंदा. तिथल्या मेक्सिकन पोरांना वाटायचं, ओकवुदिली साहेब फार प्रेमळ झालेत, सारखा हात करतात.

आकडा मात्र कुणी पाहायचा नाही, असा आईचा हुकूम होता.

"आधी आभार, मग आकडा," तिने जूनमध्येच जाहीर केलं होतं. "आकडा बघून आभार मानले तर तो व्यवहार झाला. देव काय आपलं गिऱ्हाईक आहे?"

बिसोनेट रस्त्यावर आईचं सुरण, सुकट आणि कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक आणि देव यांतला फरक तिला कळायचा.

कोसीने आकडा सोमवारी सकाळीच पाहिला होता. गॅरेजमध्ये, सुरणांच्या राशीवर बसून. मग फोन बंद करून चालू केला, की यंत्राची चूक असेल तर त्यालाही सुधारायची संधी मिळावी. यंत्र ठाम होतं.

दोन.

बुधवारी ती सायकल काढून डॉक्टर एझेउदूंकडे गेली. चर्चमधल्या प्रत्येक घराचे ते अंकल, आणि कुणाच्याही पोराला मेडिकलला घालायचं तर आधी त्यांचा शब्द. ते अंगणात पाइप घेऊन वाळलेल्या हिरवळीवर पाणी मारत होते.

"अंकल, एका मैत्रिणीबद्दल विचारायचंय."

"किती मिळाले मैत्रिणीला?"

"दोन."

त्यांनी पाइप दुसऱ्या वाफ्याकडे वळवला. "तिला सांग, मेडिकल कॉलेज हे आकडे मागत नाही. मी निवडीच्या समितीवर बसलोय, एकदाही पाहिला नाही. पाच असते तरी बहुतेकांनी म्हटलं असतं, केमिस्ट्री कॉलेजात पुन्हा शिकून ये. ते कॉलेजातले मार्क बघतात."

"मग सगळे ही परीक्षा देतात कशाला?"

"कॉलेजात प्रवेश मिळवायला उपयोग होतो. फीचे पैसे वाचतात कधीकधी." त्यांनी जरा विचार केला. "आणि चर्चसाठी."

कोसीने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. आकडा बिनकामाचा आहे हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण चार महिने दर शनिवारी ती ग्रंथालयात बसली होती, टाळाटाळ न करता. आळशीपणामुळे दोन आले असते तर त्यात आशेला जागा होती.

"पण अंकल, तिने खूप अभ्यास केला होता. एवढं करून दोन, म्हणजे... तिच्यात तेवढं नसेलच, असं असतं का?"

"ते मी कसं सांगू? मी भूल देणारा डॉक्टर. जागेपणीचे प्रश्न माझ्याकडे येत नाहीत."

"तुम्ही मम्मीला सांगाल? की हे महत्त्वाचं नसतं म्हणून?"

"मी?" अंकलनी पाइप खाली ठेवला. "पोरी, या चर्चमध्ये मार्क महत्त्वाचे नसतात असं मी म्हणालो, तर लोक आधी माझी डिग्री तपासतील. आणि रविवारी माझी ड्यूटी आहे." ते थांबले. "नसती तर मागून घेतली असती."

रविवारी अन्याएग्बू मंडळी चर्चच्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात रांग लावून उभी राहिली. काका, काकू, चुलतभावंडं, सगळ्यांवर साप. आत ढोल वाजत होता आणि ओकाफोरांचं कुटुंब नवीन घराबद्दल नाचत होतं. त्यांच्यानंतर यांचा नंबर. वडिलांनी डोक्यावर खोकं तोलून पाहिलं, उतरवलं, परत तोललं. कोसी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. आकडा सांगायचा तर आत्ताच. वेदीपुढे पास्टर माइक तोंडाशी धरून आभार कशाबद्दल ते विचारतील, तेव्हा देवासमोर खोटं बोलायचं की चारशे माणसांसमोर खरं?

"मम्मी..."

"डोक्याचा रुमाल सरळ कर. वाकडा झालाय."

"मम्मी, मला एक..."

"अगं, डॉक्टर!" भिंतीजवळच्या खुर्चीतून हाक आली.

पास्टरांच्या आई. गुरुवारीच नायजेरियातल्या एनुगूहून, एकापाठोपाठ दोन विमानं बदलून आल्या होत्या. सगळे त्यांना आजी म्हणत. आजींनी लुंगीचा काठ घोट्यावर उचलून धरला होता.

"तूच ना ती डॉक्टर? जरा बघ गं हा पाय. कालपासून चप्पल शिरत नाही."

"आजी, मी अजून डॉक्टर नाही."

"मग काय झालं? माझा पाय कुठे पळून जातोय?"

कोसी गुडघ्यावर बसली, मुख्यतः आईच्या नजरेतून खाली जायला मिळतंय म्हणून. आणि मग ती पाय बघायला लागली. डावा पाय नेहमीसारखा, सुरकुतलेला, बारीक. उजवा घोट्यापासून पोटरीपर्यंत फुगलेला, चकाकता. तिने पालथा हात आधी एका पायावर ठेवला, मग दुसऱ्यावर. उजवा गरम होता.

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून."

"दुखतो?"

"खाजतो. आणि जड वाटतो. म्हातारपण जडच असतं."

"विमानात किती वेळ बसून होता?"

"जन्मभर," आजी म्हणाल्या.

आत ढोल थांबला. लोकांनी ओकाफोरांसाठी टाळ्या वाजवल्या. कोसी उठून आईकडे गेली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"मम्मी, आजींना इस्पितळात न्यायला हवं. आत्ता. एकच पाय सुजलाय, गरम आहे, आणि त्या लांबच्या विमानातून आल्यात. रक्ताची गुठळी असेल तर ती फुप्फुसात जाऊ शकते."

"आत्ता? पोरी, आपलं नाव पुकारताहेत!"

"हो."

"गुठळी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. असू शकते."

आईने आत पाहिलं. पास्टर माइकवर 'अन्याएग्बू' म्हणत होते, हसत, हात पसरून. मग तिने पास्टरांच्या आईकडे पाहिलं. पास्टरांच्या आईला आपल्या रांगेशेजारी काही झालं, तर पुढची तीस वर्षं त्या चर्चमध्ये कुणी सुरण विकत घेणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

"चिनेके!" तिने देवाला हाक मारली आणि वडिलांना म्हणाली, "तुम्ही नाचत राहा. थांबू नका. गाडीची किल्ली द्या."

"आणि डॉक्टर कुठे चाललीय?" वडिलांनी खोक्याखालून विचारलं.

"पेशंट बघायला," आई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच ते कसंसं वाटलं.

गाडीत आजी खिडकीतून बघत म्हणाल्या, की या देशात रस्ते आहेत पण त्यावर माणसं का नाहीत. इस्पितळाच्या तातडीच्या विभागात खिडकीमागच्या मुलीने दोघींच्या कपड्यांवरच्या स्टेथोस्कोपांकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "तुम्ही लहान मुलांच्या वॉर्डातल्या का?"

"आम्ही आभार मानणाऱ्यांतल्या," आई म्हणाली.

डॉक्टर ट्रान आल्या. लहानखुऱ्या, रात्रपाळी संपवून वर आणखी काम करणाऱ्या माणसासारख्या डोळ्यांच्या. कोसीने सगळं सांगितलं: कुठला पाय, कधीपासून, विमान, गरमपणा. एकदा अडखळून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांनी तिला मध्ये तोडलं नाही. मग खाली वाकून दिव्याखाली घोटा पाहिला.

"आजींना विचार, शुक्रवारी अनवाणी कुठे गेल्या होत्या?"

कोसीने इग्बो भाषेत विचारलं.

"मुलाच्या अंगणात उभी राहून प्रार्थना केली," आजी म्हणाल्या. "गवत छान आहे. पण चावरं आहे."

"मुंग्या," डॉक्टर ट्रान म्हणाल्या. "लाल मुंग्या. हे बघ, बारीक पांढरे फोड. सूज त्याचीच. तरी विमानाचं बोलतेस, वय आहे, एकच पाय आहे. शिरा बघूनच घेऊ."

त्यांनी पोटरीवर थंड जेल लावलं, छोटं यंत्र टेकवलं आणि पडदा वळवला. करड्या ढगात दोन काळी वर्तुळं. डॉक्टरांनी यंत्र जरा दाबलं. एक वर्तुळ गोलच राहिलं, दुसरं मिटल्या डोळ्यासारखं चपटं झालं.

"गोल राहते ती धमनी. चपटी होते ती शीर. गुठळी असती तर शीर अशी मिटली नसती." त्या वर सरकल्या, परत दाबलं. मिटली. "नाही गुठळी."

"म्हणजे माझं चुकलं," कोसी म्हणाली.

"हो," डॉक्टर ट्रान म्हणाल्या. "खाजतं म्हणाल्या होत्या ना त्या तुला?"

"म्हणाल्या होत्या."

"मग ते ऐकायचं."

आठवड्यात दुसऱ्यांदा चूक. सोमवारी गॅरेजमध्ये तिने लगेच फोन बंद केला होता. आता तिची मान आपोआप पडद्याकडे झुकली होती. "गुडघ्याच्या वर पण दोन दिसतात? तिथेही मिटते? कुठल्या बाजूने दाबायचं?"

आईचा फोन थरथरला. वडिलांनी नाचाची फिल्म पाठवली होती. सगळं खानदान वेदीकडे डुलत चाललं होतं आणि सर्वांत पुढे वडील. कोसी नव्हती म्हणून त्यांनी खोकं दुसऱ्याकडे देऊन, वेदीपुढे ठेवायला आणलेला तिचा शाळेचा चौकटीतला फोटो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. मागच्या बाकांवर नवीन आलेल्या दोन बायका तो फोटो पाहून डोळे पुसत होत्या, आणि एकजण उठून वडिलांच्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवत होता. वडील कृतज्ञतेने मान हलवत होते.

आईने फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "आभार मानून झाले. आता सांग."

कोसीने पडद्यावरची नजर काढली नाही. "दोन."

"पाचपैकी?"

"पाचपैकी. अंकल म्हणतात, मेडिकलवाले हा आकडा विचारत नाहीत."

"मेडिकलवाल्यांनी नाही विचारलं. मी विचारलं."

आजींना या आकड्यांतलं काहीच समजलं नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघून हसत होत्या. आईने फोन पर्समध्ये टाकला. पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. कोसीचा एक हात नकळत स्वतःच्या गुडघ्यामागे गेला होता आणि तिथलं मांस दाबून बघत होता.

डॉक्टर ट्राननी जेल पुसायला कागद उचलला.

"डॉक्टर," आई म्हणाली, "ते पुसू नका अजून. हिला पुन्हा एकदा दाखवा."